प्रवाळ टाकीतील खडकांची फेरमांडणी

मासे व प्रवाळ पाळण्याच्या माझ्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतील खडकांची रास मागच्या काचेला टेकलेली असल्याने तिच्यामागे प्रवाह पोहोचत नव्हता. तिथे करडा गाळ साचून पाण्यातले नायट्रेट (घाण कुजून शेवटी उरणारा क्षार) वाढत होते. माशांच्या मलमूत्रातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडकांच्या छिद्रांत राहत असल्यामुळे सगळे खडक एकदम बदलणे धोक्याचे होते. म्हणून मी मोजकेच खडक काढून टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या बादलीत हलवले, तेव्हा त्यांतून गाळाचे लोटच्या लोट बाहेर पडले. त्यांच्या जागी घालायचे नवे कोरडे खडक वेगळ्या पिंपात, १.०२५ विशिष्ट गुरुत्वाच्या (साध्या पाण्याच्या तुलनेतील घनता) खाऱ्या पाण्यात, अमोनिया शून्य दिसेपर्यंत मुरवले. पायाचे खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवले, कारण वाळू उकरणारे मासे रास ढासळवू शकतात. मागे चार बोटे जागा सोडल्यावर प्रवाह खेळू लागला.