छोट्या संस्थानाच्या राज्यकर्तीचे चरित्र कसे लिहावे: लिप्पेच्या पाउलीनेच्या निमित्ताने

युरोपातील एखाद्या छोट्या संस्थानावर राज्य केलेल्या स्त्रीचे चरित्र लिहायला घेताना, तिच्या विवाहाची आणि राजवाड्याची हकीकत जमवण्याआधी ती कोणत्या अधिकाराने राज्य करीत होती हे निश्चित करावे. वारसाहक्काने गादीवर आलेली राणी आणि अज्ञान मुलाच्या वतीने कारभार पाहणारी आई यांच्या हाती सारखीच सत्ता दिसली, तरी दुसरीला प्रत्येक निर्णय मुलाच्या नावाने घ्यावा लागतो आणि तिच्या अधिकाराला मुदत असते. वायव्य जर्मनीतील लिप्पे संस्थानाची पाउलीने ही दुसऱ्या प्रकारची राज्यकर्ती होती. पती लेओपोल्ड पहिला एप्रिल 1802 मध्ये वारला तेव्हा थोरला मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता, आणि तेव्हापासून जुलै 1820 पर्यंत राज्य तिने चालवले. हा मुलगा सज्ञान झाल्यानंतरही काही काळ सत्ता तिच्याकडेच राहिली. चरित्रकाराने ही बाब टाळू नये. मुलाच्या योग्यतेविषयी तिला वाटणारी शंका सरळ नोंदवावी.

बालपण लिहिताना पुढच्या कारभाराशी जोडलेले तेवढेच घ्यावे. पाउलीनेचा जन्म 23 फेब्रुवारी 1769 रोजी बालेनश्टेट येथे झाला, आई लगेचच गेली आणि आनहाल्ट-बेर्नबुर्ग या जर्मन संस्थानाचे अधिपती असलेल्या वडिलांनी तिला स्वतः शिकवले. पुढे तर ती त्यांचा राजकीय पत्रव्यवहारही सांभाळू लागली. एवढे लिहिले की 1796 मध्ये लिप्पेला आलेली ही सून कारभारात नवखी नव्हती, हे वाचकाच्या आपोआप लक्षात येते. पतीला विवाहापूर्वी काही वर्षे मानसिक आजारामुळे कारभारापासून दूर ठेवण्यात आले होते. तेही येथेच, दोन वाक्यांत आणि आदराने, सांगून टाकावे.

यानंतर तिच्या कामांची यादी देण्याचा मोह होतो. शाळा, रुग्णालय, रस्ते अशी नावे ओळीने मांडली की कोणतीही राज्यकर्ती दुसरीसारखीच वाटू लागते. त्यापेक्षा एक संस्था निवडून ती कशी चालत असे, हे जवळून दाखवावे. पाउलीनेच्या बाबतीत मी 1802 मध्ये लिप्पेची राजधानी डेटमोल्ड येथे सुरू झालेले बालसंगोपनगृह निवडेन. जर्मनीतील अशा अगदी आरंभीच्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. पॅरिसमधील अशाच एका उपक्रमाची माहिती तिच्या वाचनात आली होती. डेटमोल्डमधील गरीब स्त्रिया उन्हाळ्यात शेतावर आणि बागांत मजुरीला जात तेव्हा अंगावरचे दूध सुटलेली, पण शाळेच्या वयाची न झालेली मुले घरी एकटी राहत. ही मुले दिवसभर सांभाळण्यासाठी पाउलीनेने राजधानीतील प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना आवाहन केले आणि त्यांनी पाळीपाळीने देखरेख करावी अशी व्यवस्था लावली. प्रत्यक्ष सांभाळाच्या कामात अनाथालयातील व उद्योगशाळेतील मोठ्या मुलींचा हात असे. शरदातली शेतीची कामे संपली की गृह बंद होई, कारण हिवाळ्यात मुलांच्या माता घरीच असत. मजूर स्त्रीचे वर्ष कसे जाते याचा इतका बारकाईने विचार करणारी राज्यकर्ती त्या काळात क्वचितच आढळते, आणि तिच्या थोरवीबद्दल वेगळी विशेषणे वापरण्याची गरज मला तरी वाटत नाही.

कायद्यांबाबतही हीच रीत ठेवावी. 27 डिसेंबर 1808 च्या आदेशाने तिने भूदासप्रथा, म्हणजे शेतकऱ्याला जमीनमालकाशी बांधून ठेवणारी व्यवस्था, रद्द केली, एवढे विधान पुरेसे नाही. कुळ मेल्यावर त्याच्या घरातले चांगले जनावर किंवा उत्तम वस्त्र मागण्याचा जमीनमालकाचा हक्क, लग्नाच्या वेळी द्यावी लागणारी रक्कम, अशी बंधने 1 जानेवारी 1809 पासून गेली, हे लिहिले म्हणजे शेतकऱ्याच्या घरात काय बदलले ते कळते. लिप्पेतील ही प्रथा पूर्वेकडील प्रदेशांच्या मानाने सौम्य होती, याचीही नोंद प्रामाणिकपणे करावी.

चरित्राचा सर्वांत अवघड भाग नेपोलियनचा आहे. आपले छोटे राज्य शेजारच्या मोठ्या सत्तांच्या घशात जाऊ नये म्हणून पाउलीने 1807 मध्ये ऱ्हाइन संघात, म्हणजे नेपोलियनच्या छत्राखालील जर्मन राज्यांच्या संघात, सामील झाली, त्याच वर्षी स्वतः पॅरिसला गेली, आणि नेपोलियनविषयी तिला मनापासून आदर वाटत असे. राज्य टिकले, पण त्यासाठी लिप्पेची तरुण मुले तिरोल, स्पेन आणि रशियातील मोहिमांत पाठवावी लागली आणि कित्येक जण पळून गेले. एका परिच्छेदात स्वातंत्र्य वाचवल्याचे कौतुक आणि दुसऱ्या प्रकरणात सैनिकांचे हाल, अशी विभागणी मुळीच करू नये. दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून आल्या आहेत, म्हणून त्या एकत्रच लिहाव्यात.

विरोधकांनाही पूर्ण जागा द्यावी. सरदार आणि शहरांच्या प्रतिनिधींच्या सभेशी तिचा दीर्घ वाद होता. मनोरुग्णांच्या उपचारगृहासाठी दारूवर कर बसवण्याची तिची योजना या सभेला मान्य नव्हती आणि पुढे अनेक वर्षे सभेला डावलून कारभार चालला. हेतू चांगला असला तरी ही एकाधिकारशाहीच होती. नंतर 1819 मध्ये तिने स्वतः राज्यघटना जाहीर केली, पण सरदारांनी जर्मन संघाकडे, म्हणजे नेपोलियननंतर स्थापन झालेल्या जर्मन राज्यांच्या संघाकडे, दाद मागितल्यामुळे ती अमलात येऊ शकली नाही. लिप्पेला घटना मिळाली ती मुलाच्या कारकिर्दीत, 1836 मध्ये. या दोन तारखा शेजारी ठेवून मधल्या सतरा वर्षांत काय घडले याचा शोध घेतला, तर चरित्राला खरे बळ येते.

शेवट तिच्या मृत्यूवर करू नये. कारभार सोपवल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, 29 डिसेंबर 1820 रोजी, ती डेटमोल्डमध्ये वारली. परंतु तिने वाचवलेले राज्य 1918 पर्यंत संस्थान म्हणून आणि त्यानंतर 1947 मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या जर्मन प्रांतात विलीन होईपर्यंत स्वतंत्र घटक म्हणून टिकले. त्या प्रांताच्या राजचिन्हात लिप्पेचा गुलाब आजही आहे, आणि शेवटचे प्रकरण तेथपर्यंत न्यावे.