बदली तासाला जाताय? पहिली सात मिनिटं सांभाळा

मुंबईच्या शाळांत बदली तासांना, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायच्या तासांना, तोटा नाही. कुणी बाळंतपणाच्या रजेवर, कुणी निवडणुकीच्या कामावर, आणि पावसात लोकल रखडल्या की विरार-बदलापूरकडची अर्धी स्टाफरूम गैरहजर. तुम्ही त्याच शाळेत कायम असा, रजेच्या जागेवर महिनाभरासाठी आलेले असा, नाहीतर सकाळी फोन आला म्हणून धावत आलेले असा, वर्गाच्या दारात सगळ्यांची गत एकच.

खडू, पेन, पाण्याची बाटली हे मी सांगायला नको. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्या फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा. ऑफिसात माध्यम, मजला आणि तास किती मिनिटांचा, एवढं विचारून घ्या. महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. चुकीचा जिना चढलात तर पाच मिनिटं तिथेच गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. वर्ग हातात येतो किंवा जातो तो पहिल्या सात मिनिटांत, आणि मलाही सर्वांत जड गेला तो हाच टप्पा. याबद्दल जो सल्ला सर्रास दिला जातो तो निरुपयोगी आहे. म्हणे आधी ओळख करून द्या, गप्पा मारून वातावरण मोकळं करा. अहो, वातावरण मोकळंच असतं! नवीन बाई बघून मुलांना आनंदच झालेला असतो. तुमचं नाव-गाव कळून त्यांना काय करायचंय? पुढे काय करायचं हे तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच ती जोखत असतात.

दुसरा सल्ला त्याहून वाईट: ‘कुठपर्यंत झालंय?’ असं वर्गाला विचारा. अजिबात विचारू नका. पुढून ‘पाचवा धडा’, मागून ‘तो झाला, बाई’, खिडकीपाशी ‘आज आमची पीटी आहे’. हा बाजार एकदा भरला की घंटेपर्यंत उठत नाही. धडा कुठे आलाय ते वर्गात शिरण्याआधी त्याच तुकडीला शिकवणाऱ्या दुसऱ्या शिक्षकांना विचारा.

मग करायचं काय? आत जा, तोंड न उघडता थेट फळ्याकडे वळा. तारीख, वार, विषय, आणि खाली एका ओळीत काम. लिहिताना तिरपं उभं राहा, वर्गाकडे पाठ नको. फळ्यावर तारीख पडली की वही उघडायची, ही सवय पहिलीपासून हाताला लागलेली असते. तुम्ही न सांगता निम्मा वर्ग लिहायला लागतो, उरलेला शेजाऱ्याकडे बघून.

काम असं हवं की पुस्तक लागू नये, कारण त्या तासाचं पुस्तक बऱ्याच जणांनी आणलेलंच नसतं. कच्च्या मुलालाही सुरुवात करता यावी, आणि हुशार मुलाचं दोन मिनिटांत आटपू नये. पाचवी-सहावीला मी सीएसएमटी ते ठाणे स्टेशनं आठवून लिहायला लावते, मग तीच अकारविल्हे. मशीद आणि माटुंगा यांत आधी कोण, यावर पोरं तावातावाने वाद घालतात, घालू द्या. आठवी-नववीला गणित: १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचं अंतर ३४ किलोमीटर, आजच्या गाडीने ते ४० मिनिटांत कापलं तर ताशी वेग किती? उत्तर ५१. बरेच जण ३४ ला ४० ने भागून मोकळे होतात, आणि तिथे तुम्हाला शिकवायला खरंखुरं काहीतरी मिळतं.

हजेरी त्यानंतर. कॅटलॉग हातात घेऊन बाकांमधून फिरत, हळू आवाजात नावं विचारत घ्या. सुरुवातीलाच साठ नावं पुकारत बसलात तर तेवढ्यात वर्ग सुटला म्हणून समजा.

मॉनिटरला फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहायला मुळीच सांगू नका. मधल्या सुट्टीत त्या पोराची धुलाई होते आणि तास नावं खोडण्या-लिहिण्यात जातो. ‘तुमच्या सरांना सांगेन’ हेही नको; सर उद्याही येणार नाहीत हे मुलांना तुमच्याआधी कळलेलं असतं. हात उगारणं तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार सरळ बेकायदा आहे, अपमान करून छळणंही त्यातच आलं. आणि वर्गाबाहेर उभा केलेला मुलगा जिन्यावरून पडला तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल. जो जास्त दंगा करतो त्याला वह्या गोळा करायला उठवा.

एका दिवसासाठी आला असाल तर नवीन धडा सुरू करू नका. मूळ शिक्षकांना तो परत शिकवावा लागतो आणि मुलं दोनदा कंटाळतात. महिनाभर असाल तर पहिल्याच दिवशी त्यांचं टाचण, म्हणजे काय नि कसं शिकवायचं याची वही, मागून घ्या.

घंटा झाली की फळा पुसा. काय करून घेतलं, कोण मधेच घरी गेलं, कुणाला बरं नव्हतं, हे चिठ्ठीवर लिहून वर्गशिक्षकांच्या खणात ठेवा. तोंडी निरोप स्टाफरूमपर्यंत पोचत नाही.