नर्सिंगला जायचं ठरवताय? आधी हे वाचा

नर्सिंगला जाऊ का असं विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, रक्त बघवेल का? रक्ताची सवय होते हो, महिन्या-दोन महिन्यांत होते. आपोआप होत नाही ती लक्ष देण्याची सवय, ती मुद्दाम लावून घ्यावी लागते.

शिकत असतानाची माझी पहिलीच नाईट. पल्स, बीपी मशीन दाखवतं, पण श्वास घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो आणि तोही पेशंटला न सांगता, कारण मोजतोय म्हटलं की माणसाचा श्वास बदलतो. मी दमले होते, एका आजोबांच्या चार्टवर आधी १८ होतं म्हणून मीही १८ लिहून टाकलं. सीनियर सिस्टर आल्या, चार्ट बघितला, मग आजोबांच्या छातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चल, दोघी मिळून मोजू." ३० भरले! मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. बीपी ठीक, ताप नाही, तरी त्यांनी लगेच डॉक्टरांना बोलावलं आणि न्यूमोनिया निघाला. मला ओरडल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "मोजलं नसेल तर जागा रिकामी ठेव, खोटा आकडा लिहू नकोस." त्यानंतर आजवर मी एकदाही अंदाजाने श्वास लिहिलेला नाही.

गणित नको म्हणून इकडे येणार असाल तर आत्ताच सांगते, गणित सुटत नाही. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचंय, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांचा आहे, म्हणजे १०,००० थेंब २४० मिनिटांत, मिनिटाला साधारण ४२. हे पेशंटशेजारी उभं राहून, मागून कोणीतरी हाक मारत असताना करायचं असतं. औषधात दशांशचिन्ह एक घर सरकलं तर डोस दहापट होतो, म्हणून आम्ही धोक्याच्या औषधांचा हिशोब दुसऱ्या नर्सकडून तपासून घेतो आणि त्यात कमीपणा अजिबात नाही.

बेडपॅन, उलट्या, जखमांचा वास, हे सगळं आहेच. ज्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही त्यांची कूस बहुतेक वॉर्डात दर दोन तासांनी बदलतात, नाहीतर बेडसोर, म्हणजे एकाच जागी दाब पडून जखमा, होतात, तेव्हा पेशंट कसा उचलायचा ते नीट शिकून घ्या नाहीतर पाठ जाते. मुलांनी यावं का असंही विचारतात, अवश्य यावं.

हेपेटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, तिची लस वॉर्डात पाय ठेवायच्या आधी सुरू करा, नेहमीच्या कोर्समध्ये तीन डोस असतात आणि पूर्ण व्हायला सहा महिने जातात. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, बऱ्याच जणांना सुई तिथेच टोचते. टोचलीच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच क्षणी इन-चार्जना सांगा. नवीन मुलं घाबरून लपवतात आणि नेमका तोच वेळ वाया जातो, एचआयव्हीपासून बचावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं.

पहिला मृत्यू बघाल तेव्हा काय वाटेल ते मी सांगू शकत नाही. मी त्या आजींचे केस विंचरले होते, नातेवाईक यायच्या आधी, आणि त्या दिवशी घरी जाऊन कोणाशीच बोलले नाही. आता वाटतं बोलायला हवं होतं, बरोबरच्या मुलींशी तरी.

कॉलेज बघायला जाल तेव्हा मान्यता आहे ना आणि पास झाल्यावर नर्स म्हणून रजिस्ट्रेशन मिळतं ना हे पहिलं विचारा. मग लॅब आणि होस्टेल बघून परत फिरू नका, शेवटच्या वर्षाची मुलं गाठा आणि विचारा की एका पेशंटभोवती किती विद्यार्थी उभे असतात, आणि तुम्हाला स्वतःच्या हाताने करायला मिळतं की नुसतं बघायला.