घरगुती विक्रीत जुना स्टिरिओ पारखून घेताना
घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत चांगला स्टिरिओ स्वस्तात हवा असेल, तर विक्री सुरू होताच पोहोचावे आणि सोबत मोबाइल, तो ॲम्प्लिफायरला जोडणारी आरसीए केबल व टॉर्च ठेवावी. ॲम्प्लिफायर आधी उचलून पाहावा. जुन्या यंत्रात मोठा ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे वजनदार ॲम्प्लिफायर बहुधा दर्जेदार निघतो. आवाजाचे बटण फिरवताना होणारी खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेच्या जोडण्या साफ करणाऱ्या फवाऱ्याने) जाते, म्हणून तेवढ्यावरून वस्तू नाकारू नये, उलट भाव कमी करून मागावा. मात्र जळका वास येत असेल, तर मोह आवरावा.

स्पीकर पारखायला सर्वांत जास्त वेळ द्यावा. जाळी काढून शंकूभोवतीची फोमची कड टॉर्चच्या उजेडात निरखावी, कारण हा फोम काही वर्षांनी कुजतो आणि बोट लावताच त्याचा भुगा होतो. कड बदलता येते. परंतु शंकूच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवून तो हलकेच आत दाबल्यावर घासल्याचा आवाज आला, तर व्हॉइस कॉइल, म्हणजे शंकू हलवणारी तारेची गुंडाळी, बिघडलेली असण्याची शक्यता असते आणि ती दुरुस्ती सहसा परवडत नाही. रेकॉर्ड प्लेअरचा पट्टा स्वस्तात मिळतो, पण सुई महाग पडू शकते, तेव्हा तिचा खर्च आधीच हिशेबात धरावा.