एक्स-मेनच्या व्यक्तिरेखा कशा घडत गेल्या, यावर चर्चा कशी करावी

सुपरहिरोंच्या चमूवरील कॉमिकची चर्चा बहुधा दोन ठिकाणी अडते. एक तर कोणाची शक्ती कोणापेक्षा वरचढ या वादात ती शिरते. नाही तर ‘ही व्यक्तिरेखा पुढे फार बदलली’ असे कोणीतरी म्हणतो, सगळे माना डोलावतात आणि बोलणे तिथेच संपते. व्यक्तिरेखेच्या वाढीवर मुद्देसूद चर्चा कशी घडवून आणावी, हे येथे मार्व्हलच्या ‘एक्स-मेन’ या मालिकेच्या आधारे मांडले आहे. ही मालिका निवडण्याचे कारण सरळ आहे. १९७५ ते १९९१ अशी जवळजवळ सोळा वर्षे तिचे लेखन ख्रिस क्लेअरमाँट या एकाच लेखकाकडे होते. त्यामुळे एखाद्या व्यक्तिरेखेने घेतलेला निर्णय पाच वर्षांनंतरच्या अंकातही तिची पाठ सोडत नाही. दर काही महिन्यांनी लेखक बदलणाऱ्या अमेरिकी मासिक कॉमिकमध्ये असे सहसा घडत नाही.

पहिले काम म्हणजे चर्चेची हद्द ठरवणे. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ साली सुरू केलेल्या मूळ मालिकेत जन्मजात विलक्षण शक्ती असलेले पाच विद्यार्थी आणि त्यांचे गुरू प्रोफेसर झेवियर होते. ती फारशी चालली नाही, आणि १९७० नंतर काही वर्षे तिच्यात जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ साली लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी एका विशेषांकात स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलॉसस, वुल्व्हरीन आदींचा नवा चमू आणला आणि ९४व्या अंकापासून सूत्रे क्लेअरमाँटच्या हाती आली. गटातील प्रत्येकाने कोणत्या अंकापासून कोणत्या अंकापर्यंत वाचले आहे, हे आधीच विचारून घ्यावे. चित्रपटांतील उंचापुरा वुल्व्हरीन डोक्यात ठेवून कॉमिकमधील पाच फूट तीन इंचांच्या वुल्व्हरीनबद्दल हिरिरीने बोलणारा एक तरी सदस्य प्रत्येक गटात असतो. त्याला दुखवू नये, पण त्याच्या हाती अंक द्यावा.

त्यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाढ झाली असे म्हणणाऱ्याने एक नव्हे, दोन प्रसंग समोर ठेवले पाहिजेत. हे दोन्ही प्रसंग शक्य तितके एकसारखे असावेत, म्हणजे व्यक्तिरेखेपुढे पेच तोच असावा आणि तिने निवडलेली वाट मात्र वेगळी असावी. पेचच वेगळा असेल, तर बदल व्यक्तीत झाला की परिस्थितीत, हे ठरवता येत नाही. अशी जोडी सापडली की मगच मधल्या अंकांकडे वळावे आणि या दोन प्रसंगांमध्ये त्या व्यक्तीने काय गमावले, ते शोधावे.

एक्स-मेनचा मुख्य शत्रू मॅग्निटो याच्यापासून सुरुवात करणे सोपे जाते. १९६३च्या पहिल्याच अंकात तो केप सिटाडेल या क्षेपणास्त्र तळाचा ताबा घेतो, आणि त्याला फक्त सत्ता हवी असते. १९८१ साली आलेल्या १५०व्या अंकातही तो जगातील राष्ट्रांना शस्त्रे खाली ठेवण्यासाठी धमकावतो आणि एक सोव्हिएत पाणबुडी बुडवतो. इथपर्यंत पेच तोच आणि माणूसही तोच आहे. परंतु त्याच अंकात त्याची यंत्रणा बिघडवणाऱ्या, चमूतील धाकट्या किटी प्राइडवर तो प्रहार करतो आणि ती निपचित पडल्यावर आपण एका लहान मुलीला मारले असे समजून हादरतो. आउश्वित्झच्या छळछावणीतून आपण आलो, हे तो याच अंकात सांगतो. १९८५च्या २००व्या अंकात पॅरिसमध्ये त्याच्यावर खटला चालतो, त्यात त्या बुडवलेल्या पाणबुडीचा जाब विचारला जातो, आणि अंकाच्या अखेरीस प्रकृती ढासळलेले झेवियर आपली शाळा त्याच्याच स्वाधीन करतात.

येथे चर्चा चालवणाऱ्याने एक फरक आवर्जून दाखवून द्यावा. छळछावणीचा भूतकाळ ही वाढ नव्हे. ती लेखकाने अठरा वर्षांनी मागे जाऊन भरलेली पार्श्वभूमी आहे. तिच्यामुळे जुन्या मॅग्निटोचे वागणे आपल्याला वेगळे दिसू लागते, पण त्या जुन्या अंकांत त्याने तसूभरही वेगळी निवड केलेली नसते. वाढ आहे ती किटीच्या निश्चल देहापुढे हात थांबण्यात, आणि पुढे पळून जाणे शक्य असूनही न्यायालयासमोर उभे राहण्यात. ‘आता आपल्याला त्याच्याबद्दल अधिक कळले’ आणि ‘तो आता वेगळा वागला’ ही दोन विधाने वेगळी ठेवली, तर निम्मे गोंधळ तिथेच मिटतात. जाता जाता एक गंमत: १९७४ साली दुसऱ्या एका मालिकेत मॅग्निटोला चक्क तान्हे बाळ करून टाकले होते आणि १९७७ साली त्याला पुन्हा तरुण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात मुलगा असलेला माणूस पुढेही धडधाकट कसा, या प्रश्नाला या वेडगळ घटनेने आयतेच उत्तर मिळाले.

स्टॉर्मच्या बाबतीत मात्र वेळ हात राखून देऊ नये, कारण संपूर्ण मालिकेत इतका सलग आणि इतका सोसून मिळवलेला प्रवास माझ्या मते दुसऱ्या कोणाचाही नाही. हवामानावर हुकमत असलेली स्टॉर्म प्रथम येते ती केनियात देवी म्हणून पूजली जाणारी, शांत, जीव न घेण्याचे व्रत पाळणारी स्त्री म्हणून. १९७६च्या १०२व्या अंकात तिची बंदिस्त जागेची भीती आणि तिचे मूळ कळते: १९५६ साली सुएझ संघर्षाच्या वेळी कैरोतील त्यांच्या घरावर विमान कोसळले, आईवडील गेले आणि लहानगी ओरोरो (स्टॉर्मचे खरे नाव) आईच्या मृतदेहाशेजारी ढिगाऱ्याखाली अडकून पडली. १९८०च्या अखेरीस तोवरचा नेता सायक्लॉप्स चमू सोडून गेल्यावर नेतृत्व तिच्याकडे येते, आणि खरी कथा तिथून सुरू होते.

तिच्यासाठी जोडी निवडायची ती दोन द्वंद्वांची. पहिले १९८३च्या १७०व्या अंकातील: न्यूयॉर्कच्या भुयारांत राहणाऱ्या मोरलॉकांची प्रमुख कॅलिस्टो हिच्याशी ती शक्ती न वापरता सुऱ्याने लढते आणि साथीदारांना वाचवण्यासाठी सुरा थेट तिच्या छातीत खुपसते. कॅलिस्टो वाचते ती मोरलॉकांमधील एका वैद्याच्या शक्तीमुळे. स्टॉर्मने आपल्या बाजूने व्रत मोडलेले असते. दुसरे १९८६च्या २०१व्या अंकातील: चमूचे नेतृत्व कोणी करावे यासाठी ती सायक्लॉप्सशी लढते, आणि यावेळी तिच्याकडे शक्तीच उरलेली नसते. दोन्ही वेळी प्रश्न एकच आहे, मी या लोकांची नेता का? दोन्ही वेळी ती शक्तीविना लढते. मात्र पहिल्या वेळी तिने शक्ती बाजूला ठेवलेली असते, दुसऱ्या वेळी ती हिरावली गेलेली असते. पहिला विजय तिला आतून हादरवतो, दुसऱ्यानंतर ती शांत असते. गटाला हे दोन अंक शेजारी ठेवून वाचायला सांगावे आणि पहिला प्रश्न एवढाच विचारावा की दुसऱ्या लढतीत तिला कशाची भीती वाटत नाही.

उत्तर मधल्या अंकांत मिळते. १७३व्या अंकात जपानमध्ये युकिओ या बेफिकीर स्त्रीच्या सहवासात ती केस कापते, कातडी पेहराव चढवते आणि त्या अवतारात सर्वांसमोर येते. १९८४च्या १८५व्या अंकात फोर्ज या संशोधकाने बनवलेल्या आणि ‘रोग’ नावाच्या साथीदार तरुणीवर रोखलेल्या बंदुकीचा मारा तिला लागतो आणि तिच्या शक्ती जातात. लगेच पुढच्या अंकात, बॅरी विंडसर-स्मिथच्या चित्रांत, ती फोर्जच्या घरी हळूहळू सावरू लागते, त्याच्यात गुंतत जाते आणि आपले सर्वस्व हिरावणारे शस्त्र यानेच बनवले हे तिला कळते. या अंकात मारामारी जवळजवळ नाहीच. चर्चेसाठी एकच अंक निवडायची वेळ आली, तर मी हा निवडेन.

येथे चित्रांकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. क्लेअरमाँट भरपूर लिहितो. विचारांचे फुगे आणि निवेदनाच्या चौकटी यांतून त्याची पात्रे आपल्या मनात काय चालले आहे ते सविस्तर सांगतात. नवखे वाचक तेवढेच उद्धृत करतात. परंतु पात्राने ‘मी बदलले’ असे म्हणणे हा पुरावा नाही, तो फार तर दावा आहे. म्हणून प्रत्येक विधानासाठी वक्त्याने अंक, पान आणि चौकट सांगावी, आणि त्या चौकटीतील शब्द क्षणभर हाताने झाकून चित्र काय सांगते ते पाहावे. १७३व्या अंकात पॉल स्मिथने काढलेली नवी स्टॉर्म पाहताना तिचे हसू पाहावे. आधीच्या अंकांतील देवीचा निर्विकार चेहरा त्याच्याशी ताडून पाहिला, तर केसांपेक्षा मोठा बदल कुठे आहे ते कळते.

हा चमू आहे, ही गोष्ट विसरली की चर्चा एकेका नायकाच्या चरित्रात अडकते. चमूमध्ये एकाची वाढ दुसऱ्याला खुपते. स्टॉर्मचा नवा अवतार पाहून किटी रडत निघून जाते, कारण जिला ती आईच्या जागी मानत होती ती स्त्री तिला त्या पेहरावात सापडत नाही. त्यामुळे ‘स्टॉर्म कशी बदलली’ या प्रश्नाला ‘आणि त्याची झळ कोणाला लागली’ हे शेपूट नेहमी जोडावे. किटीची स्वतःची जोडी अगदी सोपी आहे: १९८१च्या १४३व्या अंकात नाताळच्या आदल्या रात्री ती चमूच्या वाड्यात एकटी असताना राक्षसापासून जीव वाचवते, आणि १९८३च्या १६८व्या अंकात आपल्याला मुख्य चमूतून काढून धाकट्यांच्या चमूत टाकणाऱ्या झेवियरशी ती भांडून आपली जागा मिळवते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. कॉमिकमधील काळ आपल्या काळासारखा धावत नाही; १९८० साली साडेतेरा वर्षांची असलेली किटी तीन वर्षांनंतरही चौदाच्याच आसपास आहे. ‘तीन वर्षांत ती केवढी मोठी झाली’ असे म्हणणारा वाचक स्वतःची तीन वर्षे मोजत असतो.

आता अवघड भाग. काही बदल पात्राच्या निर्णयामुळे होत नाहीत, ते संपादकांच्या कचेरीत ठरतात. १९८० साली जीन ग्रे, म्हणजे मूळ पाच विद्यार्थ्यांपैकी एक आणि आता अफाट शक्तीची ‘फिनिक्स’ झालेली, एक तारा गिळते आणि त्याभोवतीच्या ग्रहावरील पाच अब्ज जीव मरतात. मूळ योजनेनुसार ती शक्ती गमावून जिवंत राहणार होती. इतक्या मोठ्या संहारानंतर तिला एवढ्यावर सोडता येणार नाही, अशी भूमिका मुख्य संपादक जिम शूटर यांनी घेतली, आणि १३७व्या अंकात जीन स्वतःचा जीव देते. मूळ शेवट १९८४ साली वेगळा छापलाही गेला. गटात वेळ असेल तर दोन्ही शेवट वाचावेत, कारण चर्चेला यापेक्षा चांगला प्रश्न मिळणे कठीण आहे: कोणत्या शेवटात जीन निर्णय घेते, आणि कोणत्या शेवटात तिच्या बाबतीत निर्णय घेतला जातो? माझे उत्तर छापलेल्या शेवटाच्या बाजूने आहे, जरी तो बाहेरून लादला गेला असला तरी.

पुढे १९८६ साली ‘एक्स-फॅक्टर’ या नव्या मालिकेसाठी जीनला परत आणले गेले. खुलासा असा, की फिनिक्स ही जीन नव्हतीच. ती तिचे रूप घेतलेली एक स्वतंत्र शक्ती होती. मग १९७६ ते १९८० या काळात जी स्त्री घडली आणि बिघडली, ती कोण? या प्रश्नावर गटाचे दोन तट पडणार हे गृहीत धरावे. मतभेद मिटवण्याच्या भानगडीत पडू नये. फक्त बोलणाऱ्याला कथेच्या आतून बोलतो की छपाईच्या इतिहासातून, हे आधी सांगायला लावावे.

सायक्लॉप्सच्या बाबतीत ही शिस्त विशेष उपयोगी पडते. आपली पूर्वीची प्रेयसी जीन जिवंत असल्याचे कळताच तो पत्नी मॅडलिन आणि तान्ह्या मुलाला सोडून निघून जातो, आणि अनेक वाचक ठामपणे म्हणतात की नव्या मालिकेच्या गरजेपोटी एका सरळ माणसाचे वाटोळे केले गेले. गरज होती, हे खरे. पण २०१व्या अंकाच्या मुखपृष्ठावर जानेवारी १९८६ आहे आणि ‘एक्स-फॅक्टर’च्या पहिल्या अंकावर फेब्रुवारी, हे दोन अंक लागोपाठ वाचायला द्यावेत. २०१व्या अंकात मॅडलिन बाळंत झाली तेव्हा तो तिथे नव्हता, आणि परतल्यावर त्याला बायकोमुलापेक्षा चमूच्या नेतृत्वाची चिंता अधिक आहे. मॅडलिन त्याला तसे सुनावतेही. स्टॉर्मकडून हरल्यावर तो घरी जातो, तो घराला निवडून नव्हे. हे लक्षात घेऊन पुढचा अंक उघडला, की त्याचे जाणे किती अनपेक्षित होते हा प्रश्न गटाला नव्याने विचारता येतो.