मशीन सुरू होत नाही, गाडी ओढत नाही: या चुका टाळा

खानापूर-जांबोटी भागात पावसाने जोर धरला की बांधावरचे गवत गुडघ्याला लागते आणि दिवाळीपासून कोपऱ्यात पडून असलेले गवत कापायचे मशीन बाहेर निघते. दोरी ओढून हात दुखला तरी ते सुरू होत नाही, झालेच तर रेस देताच बसते. अशा वेळी अनेक जण थेट कार्बोरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवू लागतात. ही चूक सर्वांत महागात पडते, कारण गेल्या हंगामात नीट चाललेल्या यंत्राची जुळणी सहसा आपोआप बदलत नाही. मूळ दोष जागेवरच राहतो आणि त्यात नव्या बिघाडाची भर पडते.

पहिला संशय जुन्या पेट्रोलवर घ्यावा. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातले साखर कारखानेही ते उसापासून तयार करतात. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. अर्धवट भरलेल्या टाकीत ही ओल मर्यादेबाहेर गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसतात व पेट्रोल वर राहते. टू-स्ट्रोक इंजिनासाठी, म्हणजे ज्यात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते त्यासाठी, हे फार घातक आहे, कारण आपण मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, तर टाकीतली नळी तळातूनच इंधन ओढते. मग वंगणाविना पिस्टनवर ओरखडे पडून इंजिन जाम होते. म्हणून हंगाम संपताच टाकी रिकामी करावी, उरलेले इंधन संपून मशीन बंद पडेपर्यंत ते चालवावे आणि पुढच्या वर्षी ताजे मिश्रणच भरावे.

ऑइल बाटलीच्या टोपणाने अंदाजे घालणे हीदेखील रोजची चूक आहे. ५०:१ प्रमाणासाठी एक लिटर पेट्रोलला २० मिली, तर २५:१ साठी ४० मिली ऑइल लागते. कोणते प्रमाण घ्यायचे ते मशीनच्या पुस्तिकेत पाहावे. ‘थोडे जास्त असलेले बरे’ ही समजूत चुकीची आहे, कारण जादा ऑइलने ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवर आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते व मशीनचा जोर जातो. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये ऑइल वेगळे भरायचे असते, ते पेट्रोलमध्ये मिसळू नये.

यानंतर प्लग काढून पाहावा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर ज्वलन ठीक आहे; कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर तुंबलेला किंवा चोक (थंड इंजिन सुरू करताना हवा कमी करणारी कळ) अर्धवट ओढलेला असतो; टोक पांढरट असेल तर इंधन कमी आणि हवा जास्त जात आहे. मशीन दहा मिनिटे चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल, तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे, आणि ते साफ करण्याला एक पैसाही लागत नाही.

मोटारीच्या बाबतीतही घाईचे उपाय असेच नडतात. चोर्ला, तवंदी अशा घाटांत गाडी गरम होत असे म्हणून माझ्या गाडीचा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत थंड करणारे पाणी अडवून धरणारी झडप) एका गॅरेजमध्ये कायमचा काढून टाकण्यात आला. तापमानाचा काटा खाली आला खरा, पण इंजिन नेमक्या तापमानाला पोहोचेना. गाडीतला संगणक इंजिनाला थंड समजून जादा पेट्रोल देत राहिला आणि मायलेज घसरले. खरा दोष रेडिएटरच्या सैल झाकणात होता. हे झाकण दाब धरून ठेवते, म्हणूनच कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) लवकर उकळत नाही. ते इंजिन गरम असताना कधीही उघडू नये, आणि कूलंटऐवजी नुसते पाणी वर्षानुवर्षे भरत राहू नये, कारण त्याने आतून गंज चढतो.

डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल आणि गाडी मिसिंग मारत (धक्के देत) असेल, तर ‘घरी पोहोचून बघू’ असे म्हणू नये. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या मार्गातल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि एका प्लगच्या किंवा त्याला वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या दुरुस्तीऐवजी तो महागडा भाग बदलावा लागतो.