गंगेवर गोगलगायी मोजताना या चुका टाळा

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. दिवाळीची सुट्टी संपली की माझा फोन वाजायला लागतो. कधी एम.एस्सी.ची मुलं, कधी निफाड-दिंडोरीकडचा एखादा द्राक्षवाला. "मॅडम, गोदावरीतल्या गोगलगायींवर प्रोजेक्ट घेतलाय, फेब्रुवारीत सबमिशन आहे." विषयाचं नाव "ऋतूनुसार विविधता", आणि हातात एकच ऋतू. पुढच्या चुकाही दरवर्षी त्याच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

सगळ्यात जास्त गोंधळ डाव्या-उजव्याचा. पातळ, तपकिरी, झाकण नसलेला, नखाएवढा शंख मिळाला की मुलं बिनदिक्कत "लिम्निया" लिहितात. शंखाचं टोक वर धरा आणि तोंड आपल्याकडे करा. तोंड उजव्या बाजूला आलं तर लिम्निया, डाव्या बाजूला आलं तर फायसा. लिम्निया इथली. फायसा अ‍ॅक्युटा मूळची उत्तर अमेरिकेतली, पण तिला नाव मिळालं 1805 साली, फ्रान्समधल्या गॅरोन नदीतल्या नमुन्यांवरून, त्यामुळे बराच काळ लोक तिला युरोपातलीच समजत. आता ती जगभर आहे, आपल्या नाल्यांतही आहे. पाहुणी कोण आणि घरची कोण हेच चुकलं, तर पुढचे तक्ते कितीही रंगीत काढा.

यात मी स्वतः तोंडघशी पडलेय. काही वर्षांपूर्वी एक मुलगा टाकळीच्या, म्हणजे नासर्डी-गोदावरीच्या, संगमापासून दसकपर्यंत पाच ठिकाणी मोजणी करत होता. पहिल्याच आठवड्यात त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. मी तव्यावरची पोळी उलटता उलटता बघितला, तोंड उजवीकडे दिसलं, "लिम्निया" असं टाइप केलं आणि विसरले. दोन महिन्यांनी तो तक्ता घेऊन आला. नासर्डीच्या तोंडाशी, जिथलं पाणी नाक धरून बघावं लागतं, तिथे लिम्नियाच लिम्निया. फायसा पाचही ठिकाणी शून्य. मी त्याच कठड्याखालून ओंजळभर फायसा उचललेल्या आहेत, त्यामुळे शून्यावर विश्वास बसेना. म्हटलं, बरणी दाखव. बरणी नव्हती. वास येतो म्हणून खोलीतल्या मित्राने ती मोरीत रिकामी केली होती.

उरला तो एक फोटो. मोठा करून बघितला तर गोगलगायीमागे बिस्किटाच्या पुड्याचा कागद होता आणि त्यावरची अक्षरं उलटी, आरशात दिसतात तशी. त्याच्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्याची काच फुटली होती, म्हणून त्याने सेल्फीच्या कॅमेऱ्याने फोटो काढला होता. बरेच फोन तो फोटो आरशासारखा उलटाच जपून ठेवतात. डावी गोगलगाय उजवी झाली, मी तिला नाव दिलं, आणि त्याने दोन महिने "त्या फोटोसारख्या दिसतात" म्हणून सगळ्या एकाच रकान्यात भरल्या. "मग मॅडम, लिम्नियाच्या जागी फायसा लिहू का?" असं त्याने विचारलं. नाही रे बाबा. त्यात थोड्या खऱ्या लिम्निया असतीलच की. पूर्ण तक्ता बाद झाला.

तेव्हापासून मी फोटोत गोगलगायीशेजारी सिटी बसचं तिकीट ठेवायला लावते. आकाराचा अंदाज येतो आणि अक्षरं उलटी असली तर लगेच कळतं. दुसरं म्हणजे जिवंत गोगलगाय बशीत पाणी घालून ठेवायची आणि गप्प बसायचं. पाच मिनिटांत ती बाहेर येते. फायसाच्या मिशा धाग्यासारख्या बारीक, लिम्नियाच्या चपट्या आणि त्रिकोणी. हे आरशातही बदलत नाही. पण पाच मिनिटं गप्प बसणं हल्ली फार अवघड झालंय. अ‍ॅप दोन सेकंदांत नाव सांगतं ना! आणि प्रत्येक ठिकाणच्या, प्रत्येक जातीच्या दहा-दहा तरी व्हायवा होईपर्यंत बरणीत ठेवा. मित्राला वास आला तरी.

बरणीत भरतानाची घाईसुद्धा नडते. जिवंत गोगलगाय थेट स्पिरिटमध्ये टाकली की ती आक्रसून आत जाते, मग ओळखायला फक्त कवच उरतं. आधी पाण्यात मेंथॉलचे दोन-चार खडे टाकून रात्रभर ठेवा, सकाळी अंग बाहेर सैल पडलेलं असतं. मग सत्तर टक्के स्पिरिट. फॉर्मॅलिनमध्ये कायमचं ठेवू नका, शंख खडूसारखे होतात.

रिकामे शंख मोजू नका. पुराची खूण असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागून गेलं की वरचे सगळे शंख तपोवनाकडच्या वळणावर येऊन साचतात. ते तिथले रहिवासी नव्हेत. नांदूरमध्यमेश्वरला काठावर पायला या झाकणवाल्या गोगलगायीच्या मोठ्या शंखांचा ढीग दिसतो, तोही मोजणीत धरू नका. ते मुग्धबलाक या करकोच्याचं उष्टं असतं. तो शंख न फोडता झाकणाच्या फटीतून चोच घालतो आणि मांस ओढून काढतो.

पण उलटही होतं. झाकण घट्ट लावलेला पायला मेलेला समजून एका मुलीने मार्चमध्ये काजूकतलीच्या खोक्यात, कापसावर, लेबल लावून ठेवला. जूनमध्ये धूळ निघावी म्हणून तो पाण्यात टाकला आणि चहा करायला गेली. परत येते तो नमुना क्रमांक चौदा बादलीच्या कडेवर. पायलाला कल्ला असतो आणि फुप्फुसही. तळं आटलं की तो चिखलात शिरून, दार लावून महिनोन् महिने पडून राहतो. गोगलगाय नि पोटात पाय, दुसरं काय.

जुन्या पुस्तकात बेलामिया बेंगालेन्सिस आणि नव्या पेपरात फिलोपालुडिना बेंगालेन्सिस ही एकच बाई आहे. एकाने दोन्ही वेगळ्या मोजून विविधता वाढवली होती.

देशी ती गुणी आणि परकी ती वाईट, हा आणखी एक लाडका समज. जिलबीसारखी चपटी इंडोप्लॅनॉर्बिस अस्सल आपली, पण गुराढोरांच्या रक्तातल्या चपट्या कृमींची पिल्लं तिच्याच अंगात वाढतात. त्यातल्या एका कृमीमुळे गाय नाकातून घोरायला लागते. तीच पिल्लं आपल्या कातडीत शिरायला बघतात आणि नुसती खाज देऊन मरतात, म्हणून रबरी हातमोजे घाला. उलट मनोऱ्यासारख्या शंखाची मेलॅनॉइडिस ट्युबर्क्युलाटा इथे निमूट गाळात राहते, आणि अमेरिकेत तिलाच घुसखोर म्हणतात. तिला नराची गरज लागत नाही, एकटी मादी वंश वाढवते.

आता मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. बुरशीवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी प्रत्येक द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये ते असतंच, त्यामुळे शेततळ्यात गोगलगायी झाल्या आणि ठिबकचा फिल्टर चोंदला की पहिला हात त्या पोत्याकडे जातो. पिंपळगावकडच्या एका ओळखीच्या काकांनी फोन केला तेव्हा मी "टाकू नका" म्हटलं. त्यांनी आधीच टाकलं होतं, परवानगी नंतर मागत होते. तिसऱ्या दिवशी रोहू-कटला पोट वर करून तरंगत होते. मेलेल्या गोगलगायी तळाशी कुजल्या आणि पाण्याचा प्राणवायू आणखी खाल्ला. गणपतीपर्यंत फिल्टरमध्ये पुन्हा शंख, आणि सगळे फायसा. होणारच. तिच्यात नर-मादी एकाच अंगात, जोडीदार नसला तरी ती अंडी घालते; जाळ्याला चिकटून एक आली तरी पुरे. तिला खाणारे मासे तर तुम्हीच मारलेत.

मी सांगते तो उपाय कंटाळवाणा आहे. पंपाच्या पाइपाचं पाण्यातलं तोंड, म्हणजे फूटव्हॉल्व्ह, तळापासून आणि कडेपासून दूर, तरंगता ठेवा आणि त्याला बारीक जाळी बांधा. संध्याकाळी कोबीची जुनी पानं दोरीला बांधून कडेने सोडा, सकाळी गोगलगायींसकट उचला आणि उन्हात पसरा. पंधरा दिवस रोज. मे महिन्यात तळं रिकामं झालं की तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद पूर्ण वाळू द्या. कागदाच्या तळ्यात चिखल नसतो, त्यामुळे फायसाला लपायला जागा उरत नाही. काकांनी विचारलं, "पंधरा दिवस रोज?" होय, रोज. द्राक्षाला फवारण्या किती करता?

जाळी आणि गमबूट एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याआधी कडक उन्हात वाळवा, फायसाची अंडी चिकट जेलीत असतात आणि पाणवेलीच्या मुळांतूनही फिरतात. अ‍ॅक्वेरियमच्या दुकानातली पिवळी "मिस्ट्री स्नेल" दक्षिण अमेरिकेतल्या पोमॅसियापैकी असते. कंटाळा आला म्हणून तिला गंगेत सोडणाऱ्यांनी मला फोनही करू नये. आणि घाटाच्या सिमेंटवरूनच मोजून येऊ नका; प्रत्येक ठिकाणी पंधरा मिनिटं, दगडांखाली, पाणवेलीत आणि गाळात, दर वेळी त्याच माणसाने. चेहेडीला गाळ खोल आहे, तिथे एकट्याने उतरू नका.